चेक इंजिन : एका पिवळ्या दिव्याचा इतिहास

अमेरिकेत १९८० च्या दशकात जनरल मोटर्सची गाडी घरच्या घरी दुरुस्त करणारा माणूस पान्हे, पक्कड आणि टेस्टर यांच्या जोडीला एक जेमक्लिप बाळगत असे. क्लिप सरळ करून पुन्हा वाकवायची, स्टिअरिंगच्या खाली दडलेल्या सॉकेटमधल्या ‘ए’ आणि ‘बी’ या शेजारशेजारच्या घरांत तिची टोके घालायची आणि इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवायची. डॅशबोर्डवरचा ‘चेक इंजिन’ लिहिलेला दिवा लुकलुकू लागे. एकदा लागे, जरासा थांबे, मग लागोपाठ दोनदा लागे. याचा अर्थ १२. हा आकडा तीनदा येई. बारा म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून इंजिनाच्या फेऱ्यांचा संदेश येत नाही. आणि इंजिन बंदच असल्यामुळे तो न येणे हेच बरोबर. थोडक्यात, बारा ही हजेरी होती : संगणक जागा आहे, दिवा शाबूत आहे, आता पुढचे ऐका. त्यानंतर साठवून ठेवलेल्या तक्रारी चढत्या क्रमाने येत, प्रत्येक तीन वेळा. चारदा, विराम, पुन्हा चारदा : ४४, मिश्रणात पेट्रोल कमी. चारदा, विराम, पाचदा : ४५, पेट्रोल जास्त. माणूस मांडीवर कागद ठेवून रेघा ओढत बसे.

त्या सॉकेटचे नाव होते ‘असेंब्ली लाइन डायग्नॉस्टिक लिंक’. कारखान्यात गाडी पट्ट्यावरून उतरताना तपासता यावी म्हणून ते बसवलेले; पुढे ते कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीखान्यांच्या कामाला आले. गाडीचा मालक हा त्या सॉकेटचा तिसरा वाचक. मला या विषयात रस वाटला तो याच कारणाने. हा दिवा नेमका कुणासाठी लावला, आणि त्याची भाषा वाचण्याचा हक्क घरच्या माणसाकडे कसा आला?

सर्वसाधारण समज असा की दिवा इंजिनाला जपण्यासाठी आहे. ऑइलच्या दाबाचा दिवा तसा आहे, पाण्याच्या तापमानाचा काटाही तसाच. ते दुर्लक्षिले तर इंजिन जाम होते. चेक इंजिनचा दिवा मात्र त्या घराण्यातला नाही. त्याचे मूळ शोधायला डेट्रॉईटच्या कारखान्यांत जाऊन उपयोग नाही, लॉस एंजेलिसच्या हवेत जावे लागते.

जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर तपकिरी धुरके उतरले. डोळे चुरचुरू लागले, घसे बसले. युद्धाचा काळ, जपानने विषारी वायू सोडला अशी अफवा उठली. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद ठेवून पाहिला, तरी धुरके हटेना. कोड्याचे उत्तर १९५० च्या सुमारास कॅल्टेकमधल्या एका डच रसायनशास्त्रज्ञाने दिले. आरी हागेन-स्मिट यांचा तोवरचा अभ्यास होता अननसाच्या स्वादाचा. फळाच्या वासातले अत्यल्प घटक वेगळे करण्याची हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातली न जळलेली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. ओझोन मोजायला त्यांनी साधी युक्ती केली : वाकवलेली रबराची पट्टी हवेत ठेवायची आणि तिला किती वेळात भेगा पडतात ते पाहायचे. (बॉनेटखालच्या जुन्या रबरी नळ्यांना पडणाऱ्या भेगांतही ओझोनचा वाटा असतो. त्या नळ्यांकडे पुढे यायचे आहे.)

१९६७ साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने कॅलिफोर्नियाचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले. १९७० च्या देशव्यापी स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरातले मुख्य प्रदूषक पाचेक वर्षांत ९० टक्क्यांनी घटवण्याचे फर्मान काढले. मुदत पुढे ढकलली गेली, कंपन्यांनी आकांडतांडव केले, तरी १९७५ च्या मॉडेलांपासून सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिसे त्याला मारक, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. दोन वर्षांनी व्होल्वोने कॅलिफोर्नियात विकलेल्या गाडीत तीनही प्रदूषकांना एकत्र आवरणारा कन्व्हर्टर बसवला. त्याच्यासोबत बॉशने बनवलेला ऑक्सिजन सेन्सर होता.

या इतिहासातले खरे वळण हा सेन्सर आहे, असे माझे मत आहे. तीन कामे करणाऱ्या कन्व्हर्टरला एक पथ्य कसोशीने पाळावे लागते : एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा. त्याहून कमी-जास्त झाले की तीनपैकी एखादे काम बिघडते. एवढी काटेकोर मात्रा कार्ब्युरेटरच्या जेटने आणि स्क्रूने चढउतारावर, थंडीत, ट्रॅफिकमध्ये सांभाळणे अशक्य. म्हणून धुरात ऑक्सिजन किती उरला हे पाहणारा सेन्सर, त्याचे ऐकून सेकंदात अनेकदा मात्रा सुधारणारा संगणक, आणि संगणकाला माहिती पुरवणारे आणखी सेन्सर अशी वरात निघाली. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोल कारमध्ये हा संगणक सरसकट बसवला.

जुनी गाडी बिघडली की अंगाने सांगायची. मिसिंग करायची, सायलेन्सरमधून फटाके वाजवायची, चढाला दम टाकायची, काळा धूर ओकायची. कान तयार असलेला मिस्त्री बॉनेट न उघडता दुखणे ओळखायचा. संगणक आल्यावर ही भाषा क्षीण झाली. एखादा सेन्सर बिघडला तर संगणक त्याच्या जागी एक अंदाजी आकडा धरतो आणि गाडी चालवत राहतो. कुठून हवा शिरली तर पेट्रोल वाढवून भरपाई करतो. चालवणाऱ्याला कळतही नाही. मागे मात्र धुरातले विष कितीतरी पटीने वाढलेले असते. ज्या यंत्राने हवा स्वच्छ केली त्यानेच बिघाड झाकायला सुरुवात केली. तेव्हा झाकलेले उघड करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकणे भाग होते. कॅलिफोर्नियाच्या मंडळाने १९८५ मध्ये नियम केला आणि १९८८ च्या मॉडेलांपासून तो लागू झाला : संगणकाने स्वतःच्या भागांवर नजर ठेवावी, बिघाड दिसला तर दिवा लावावा आणि बिघाडाचा आकडा लक्षात ठेवावा. यालाच पुढे पहिल्या पिढीचे ‘ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स’, ‘ओबीडी-१’, म्हणू लागले.

दिवा सक्तीचा झाला, पण त्याने कोणत्या भाषेत बोलावे हे नियमात नव्हते. परिणामी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. क्रायस्लरच्या गाडीत जेमक्लिप लागत नसे. पाच सेकंदांच्या आत चावी चालू-बंद-चालू-बंद-चालू केली की दिवा बोलू लागे आणि ५५ ला थांबे. टोयोटात ‘टीई-१’ आणि ‘ई-१’ ही दोन टोके जोडायची. दिवा एकसारखा भराभर लुकलुकला तर तक्रार काही नाही. फोर्डवाले सॉकेटला काट्याचा व्होल्टमीटर लावून काट्याचे झोके मोजत. काही होंडा गाड्यांत दिवा डॅशबोर्डवर बोलतच नसे. पायाखालचा गालिचा उचलून संगणकाच्या डब्यावरचा इवलासा लाल ठिपका पाहावा लागे. आकड्यांचाही मेळ नव्हता. ऑक्सिजन सेन्सरच्या तक्रारीचा आकडा जनरल मोटर्समध्ये १३, टोयोटात २१ आणि होंडात नुसता १. बारा हा आकडा जनरल मोटर्सकडे हजेरीचा, क्रायस्लरकडे मात्र बॅटरी नुकतीच काढली होती याची खूण. भागांची नावेसुद्धा जुळत नव्हती. एकाच संगणकाला चार कंपन्यांत चार नावे.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियाने दुसऱ्या पिढीचा नियम केला. आता नुसता सेन्सर जिवंत आहे का एवढे पाहून भागणार नव्हते. कन्व्हर्टर खरोखर काम करतो का, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटताच बाहेर जाते का, टाकीतली वाफ निसटते का, हेही संगणकाने तपासायचे होते. प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट होईल एवढा बिघाड झाला की दिवा लागलाच पाहिजे. सोबत अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या संस्थेची मानके आली : सर्वांना एकच सोळा पिनांचे सॉकेट, एकच नामावली, एकच आकडेपद्धती. ‘पी०३०१’ हा कोड कुठल्याही कंपनीच्या गाडीत एकच गोष्ट सांगतो. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचे खाते, पुढचे शून्य म्हणजे सर्वांना समान कोड, तीन म्हणजे प्रज्वलन, आणि शेवटचे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतो आहे. १९९६ च्या मॉडेलांपासून हे साऱ्या अमेरिकेत सक्तीचे झाले.

घरी स्कॅनर लावणाऱ्या माणसाने ज्याचे ऋण मानावे ते कलम मात्र १९९० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीत आहे. प्रदूषणाच्या निदानाची ही माहिती सॉकेटमधून सर्वांना मिळाली पाहिजे, आणि ती वाचायला फक्त कंपनीकडेच असणारी किल्ली किंवा उपकरण लागता कामा नये, असे ते सांगते. विधिमंडळापुढे प्रश्न हवेचा होता. दिवा लागल्यावर तो बंद करायला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला जमले नाही, तर गाडी तशीच फिरत राहणार. म्हणून वाचण्याचा हक्क आला, तो ग्राहकाच्या बाजूने कुणी भांडले म्हणून आलेला नाही. या उगमामुळेच त्याला मर्यादाही पडल्या. प्रदूषणाशी संबंध असलेले कोड खुले. एअरबॅग, ब्रेकचे एबीएस, काचा-कुलुपे यांचे कोड कंपनीच्या मर्जीवर. त्या दारासाठी मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांना २०१२ मध्ये वेगळा कौल द्यावा लागला. सुमारे ८६ टक्क्यांनी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने मत दिले.

खुल्या भाषेला स्वस्त वाचक मिळायला आणखी काही वर्षे लागली. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने ‘ईएलएम-३२७’ नावाची चिप काढली. सॉकेटमधल्या निरनिराळ्या संदेशपद्धती समजून घेऊन त्या साध्या अक्षरांत संगणकाला किंवा फोनला सांगणारी ही दुभाषी. पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारे कुलूप लावलेले नव्हते. लवकरच तिच्या नकलांनी बाजार भरला. आज काही शे रुपयांत मिळणारी, काडेपेटीएवढी निळी-काळी डबी बहुधा त्या नकलांचीच वंशज असते.

ही डबी हातात आली की एक मोह होतो : कोड वाचायचा आणि त्यात ज्याचे नाव आहे तो भाग बदलायचा. जेमक्लिपच्या काळात ४४ आकडा आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होत. वास्तविक त्या बिचाऱ्या सेन्सरने धुरात ऑक्सिजन जास्त आहे एवढी साक्ष दिलेली असते. कारण पेट्रोल पंप अशक्त होणे, फिल्टर तुंबणे, इंजिनात चोरवाटेने हवा शिरणे, किंवा सेन्सरच्या अलीकडे धुराच्या पाइपला चीर पडून बाहेरची हवा आत ओढली जाणे, यांपैकी काहीही असू शकते. कोड ही फिर्याद आहे. तपास पुढेच असतो.

माझ्याकडच्या २०११ सालच्या पेट्रोल गाडीत ‘पी०१७१’ लागला होता. चव्वेचाळीसचाच हा आजचा अवतार, मिश्रणात पेट्रोल कमी. एका दुरुस्तीखान्यात ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा अंदाजखर्च मिळाला. घरी येऊन मी डबी लावली आणि कोडाऐवजी ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा पाहिला. संगणक ठरलेल्या मात्रेपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, ते हा आकडा दाखवतो. गाडी उभी, इंजिन मंद : वीस टक्क्यांहून अधिक वाढ. पायाने ॲक्सिलरेटर देऊन अडीच हजार फेऱ्यांवर स्थिर धरले : वाढ पाच-सहा टक्क्यांवर आली. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर ज्या गाडीत असतो तिथे याचा अर्थ बराच स्पष्ट असतो. इंजिन मंद असताना मुळात हवा थोडी, त्यामुळे चोरून शिरलेली हवा त्यात मोठा वाटा उचलते. फेऱ्या वाढल्या की तोच वाटा किरकोळ होतो. पेट्रोल पंप कमजोर असता तर उलटे झाले असते, जोर मागितल्यावर आकडा चढला असता. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला हे आकडे सांगितले तर तो म्हणाला, “सर, मग आधी नळ्या बघू, सेन्सर कुठं पळून जातोय?” इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या रबरी नळीला, क्लॅम्पच्या खाली, नखाएवढी भेग होती. नळी बदलल्यावर दिवा आम्ही मुद्दामच पुसला नाही. नियमाप्रमाणे तीन फेऱ्या लागोपाठ निर्दोष गेल्या की तो आपोआप विझतो, आणि साधारण चाळीस वेळा इंजिन गार होऊन तापले की कोडही स्मृतीतून जातो. तसेच झाले.

कोड पुसण्याचा खेळ अमेरिकेत फार रंगला. तिथे अनेक राज्यांत प्रदूषण तपासणीवाले नळकांड्यात नळी घालण्याऐवजी सॉकेटला यंत्र लावू लागले. मग लोक तपासणीच्या आदल्या रात्री कोड पुसत किंवा बॅटरीची वायर काढून ठेवत. पण पुसल्यावर संगणकाच्या चाचण्याही अपूर्ण होतात आणि तसे तो सांगतो. चाचण्या पुऱ्या नसतील तर तपासनीस गाडी परत पाठवतो.

घरच्यांची ही लबाडी किरकोळ ठरावी असे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीला आले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी धूर मोजणारी यंत्रे गाडीतच ठेवून फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या रस्त्यावर चालवल्या. एका गाडीच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या पस्तीसपटीपर्यंत निघाली. प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरते सभ्य वागणारे सॉफ्टवेअर त्यांत होते. हागेन-स्मिट यांच्याच मंडळाने चौकशी लावून धरली आणि कंपनीला कबुली द्यावी लागली. मालकांच्या डॅशबोर्डवर काहीच दिसले नव्हते. दिव्यामागे बसलेला साक्षीदार कंपनीचा पगारी असतो, ही गोष्ट नियम करताना कुणाच्या ध्यानात आली नसेल असे नाही. पण तिचे प्रमाण जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांपर्यंत जाईल असे कुणाला वाटले नसावे. त्याचा एक धागा पुण्यात येतो. वेताळ टेकडीवरच्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ या संस्थेने भारतातल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली.

आपल्याकडे हा दिवा आला तोही हवेच्याच खटल्यातून. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या खासगी गाड्यांना आधी युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ही मानके सक्तीची केली. कार्ब्युरेटरचा निरोप झाला, ‘एमपीएफआय’ ही अक्षरे गाड्यांच्या पाठीवर झळकू लागली आणि चेक इंजिनचा दिवा मध्यमवर्गीय डॅशबोर्डवर पोहोचला. निदानाची सक्ती मात्र भारत स्टेज चारच्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून आणि तिचे पूर्ण रूप एप्रिल २०१३ पासून लागू झाले. मधली दहा वर्षे आपल्याकडे बोलीभाषांचा काळ होता. त्या वर्षांतल्या अनेक गाड्यांत सॉकेट सोळा पिनांचेच दिसते, पण स्वस्त डबी लावली की ती ‘संपर्क नाही’ म्हणते, कारण पलीकडचा संगणक फक्त कंपनीची भाषा जाणतो. जुनी गाडी घेतलेल्या माणसाने डबीला दोष देण्याआधी गाडीचे साल पाहावे. त्या काळातल्या सुझुकीच्या काही गाड्यांत वायरचा तुकडा जोडून दिवा मोजण्याची सोय होती, आणि तिथेही बारा म्हणजे सर्व ठीक.

वाचण्याचा हक्क आपल्याकडे वेगळ्याच दाराने मागितला गेला. सुटे भाग, निदानाची यंत्रे आणि दुरुस्तीची पुस्तके बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, असे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये ठरवले आणि १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारीही होत्या. अमेरिकेत जे हवेच्या कायद्याने दिले ते इथे बाजाराच्या कायद्याकडे मागावे लागले, हा फरक मला बोलका वाटतो.

हवेची तपासणी करणारे मात्र अजून त्या सॉकेटपर्यंत आलेले नाहीत. पीयूसीच्या टपरीवर पेट्रोल गाडीच्या नळकांड्यात नळी जाते, उभ्या गाडीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि कागद हातात पडतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असला तरी त्या कागदावर त्यासाठी रकाना नाही.